चेलोचा क्लास लावावा का? ताळगावच्या एका क्लासबद्दल सगळं, फी आणि खाड्यांसकट

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. मुलांना व्हायोलिन, व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठी) किंवा चेलो (त्याहून कितीतरी मोठा, बसून वाजवायचा) खरंच शिकवायचं असेल तर पणजीजवळच्या ताळगावच्या या क्लासला पाचपैकी चार स्टार. आणि पोराला दर आठवड्याला ठरल्या वारी ठरल्या वेळी कुठेतरी गुंतवून ठेवायचं असेल तर दोनच, कारण डिसेंबरात तुमची चिडचिड होणार म्हणजे होणारच, आमची दरवर्षी होते.

नाव मुद्दामच टाकत नाहीये. राहत्या घरात वरच्या मजल्यावर क्लास चालतो, बाहेर बोर्डबिर्ड काही नाही, आणि मिसनी स्वतःच सांगितलंय की जागा नसताना जाहिरात नको, लोक फोन करून करून हैराण करतात. ज्यांना खरंच हवंय ते ताळगावात दोघाचौघांना विचारून पोचतीलच, गोवा तो केवढा.

नवरा-बायको दोघं मिळून शिकवतात. सर चेलो, मिस व्हायोलिन, आणि व्हायोला पण मिसच. दोघंही वाजवणारी माणसं आहेत, म्हणजे नुसते शिकवणारे नाहीत, आणखी दोन मित्रांना घेऊन त्यांचं क्वार्टेट आहे. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर काठी हलवणारा कंडक्टर नाही, एकाच्या भागात दुसरा कोणी वाजवत नाही, चुकलं तर लपायला जागा नाही. चेंबर म्युझिक म्हणतात ते हेच. ऑर्केस्ट्रात दहा व्हायोलिन एकच ओळ वाजवत असतात तिथे एखादा झोपला तरी खपतं, इथे नाही.

फी महिन्याला साडेतीन हजार. त्यात आठवड्याला पाऊण तासाचा एकेकट्याचा तास आणि शनिवारी ग्रुप. याच्या निम्म्यात शिकवणारे आहेत हे मलाही माहितीय, आम्ही आधी एका ठिकाणी जायचो तिथे तेवढेच घ्यायचे, आणि वर्षाला एक ग्रेड नक्की असा शब्दही द्यायचे. शब्द पाळला त्यांनी, खोटं कशाला बोलू, पण परीक्षेची तीन गाणी सोडून चौथी ओळ समोर ठेवली की पोरीला वाचता येईना. ट्रिनिटी काय किंवा एबीआरएसएम काय, संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या या लंडनच्या संस्था, त्यांची एक ते आठ ग्रेडची शिडी आहे, शिडी वाईट नाही पण नुसतं वर चढायचंच शिकवलं की असं होतं. इथल्या सरांना ग्रेडचं विचारलं की ते म्हणतात "पळोवया", म्हणजे बघूया, आणि ते पळोवया चांगलं वर्षभर चालतं. काही आईबाबांना हे अजिबात झेपत नाही, मागच्या सीझनला एक जण भांडून गेले.

आता मुख्य तक्रार, खाडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा क्लास म्हणजे कदंबाच्या शेवटच्या बससारखा, आला तर आला. आम्ही फोंड्याहून येतो, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवें, मग पणजीतलं ते खोदकाम आणि पार्किंग शोधत गोल गोल फिरणं, आणि जुन्या गोव्यापर्यंत पोचल्यावर व्हॉट्सअपवर मेसेज येतो की सॉरी आज रिहर्सल आहे, तास पुढच्या आठवड्यात. दोन तास आधी सांगायला काय होतं हा माझा प्रश्न आहे आणि तो मी त्यांना तोंडावर विचारलाय. एक स्टार मी यासाठीच कापलाय, खाड्यांसाठी नाही, उशिरा कळवण्यासाठी. खाडे ते भरून देतात, जून ते ऑगस्टमध्ये एकेका आठवड्यात दोन दोन तास घेऊन, हिशोबाची वही मिसकडे असते आणि ती वही चोख आहे.

पण रिहर्सल रद्द न करता तासच का रद्द करतात, याचं उत्तर मला पटलंय. चारातला एक नसेल तर रिहर्सल होतच नाही, उरलेले तिघं बसून करणार काय? त्यातले दोघं दुसरीकडे नोकऱ्या करतात, एक मडगावहून येतो, चौघांचा एक मोकळा दिवस जुळवायचा म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यापेक्षा कठीण. सरांनी एकदा अमाडेउस क्वार्टेटचं सांगितलं होतं, लंडनचं, तेच चौघं चाळीस वर्षं एकत्र वाजवत राहिले आणि १९८७ मध्ये व्हायोला वाजवणारे पीटर शिडलॉफ गेले तर बाकीच्या तिघांनी दुसरा माणूस आणला नाही, क्वार्टेटच बंद केलं. ऐकून आमचे हे म्हणाले, आपल्याकडे भजनी मंडळं याहून क्षुल्लक कारणावरून बंद पडतात. असो.

आणि सीझनमध्ये नुसत्या कॉन्सर्टच्या रिहर्सल नसतात हो. लग्नं! गोव्यात बाहेरून येऊन जी लग्नं होतात त्यांना हॉटेलच्या लॉनवर पाहुणे येताना स्ट्रिंग क्वार्टेट हवं असतं, काळे सूट घालून, आणि वाजवायचं काय तर हिंदी सिनेमाची गाणी. सर म्हणतात एका लग्नाचे जेवढे मिळतात तेवढे तीन कॉन्सर्ट वाजवून मिळत नाहीत, आणि कॉन्सर्टला रिहर्सल किती, लग्नाला एक पुरते. मग त्यात चर्चमधले ख्रिसमसचे मास, नुप्शल मास म्हणजे लग्नाचे, एखाद्या शाळेत आठवड्यातून दोन दिवस, परदेशात राहणाऱ्या गोंयकारांच्या मुलांना रात्री ऑनलाईन. आमच्या पोरांची फी ही त्यातली सगळ्यात भरवशाची कमाई, कारण पावसाळ्यात लग्नंही नाहीत आणि टुरिस्टही नाहीत. म्हणजे खरं बघायला गेलं तर आमच्या साडेतीन हजारांवर त्यांचा बेथोवेन चालतो. मला यात काही वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं, पण मग निदान मेसेज तरी वेळेवर टाका ना.

एवढं सहन करून आम्ही तिथेच का जातो, तर शनिवारच्या ग्रुपसाठी. इथे पैसे वसूल. चार-चार मुलांचे ग्रुप केलेत, आमची पोरगी चेलो वाजवते, तिच्या ग्रुपला हायडन या जुन्या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या एका क्वार्टेटचा संथ भाग दिलाय, मुलांसाठी सोपा करून लिहिलेला. ओपस ७६ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) मधलं तिसरं, १७९७ सालचं. त्याची चाल तुम्ही ऐकलेली असणार, फुटबॉल वर्ल्डकपला जर्मनीची मॅच सुरू होण्याआधी वाजते तीच. हायडनने ती ऑस्ट्रियाच्या बादशहासाठी केली होती, नंतर जर्मनांकडे गेली. गंमत अशी की त्या भागात चाल प्रत्येकाकडे एकेकदा येते. आधी पहिलं व्हायोलिन वाजवतं, मग दुसऱ्या व्हायोलिनकडे जाते, मग चेलोकडे, मग व्हायोलाकडे, शेवटी परत पहिल्याकडे. चाल तीच, बदलत नाही, बाजूने बाकीचे काय करतात ते बदलतं. आणि जेव्हा दुसऱ्या व्हायोलिनकडे असते तेव्हा पहिलं व्हायोलिन तिच्याभोवती बारीक बारीक सुरांची जाळी विणत असतं आणि चेलो, व्हायोला दोघं पूर्ण गप्प. पूर्ण म्हणजे पूर्ण, ती अख्खी फेरी संपेपर्यंत.

आमचं रत्न त्या वेळात खिडकीबाहेर बघायचं. सरांनी रागावून बघितलं नाही की काही नाही, थांबवलं आणि विचारलं, आत्ता दुसऱ्या व्हायोलिनने तिसऱ्या ओळीत श्वास कुठे घेतला? हिला काय सांगता येणार. म्हणाले, पुढची फेरी तुझी आहे, चाल तुझ्या हातात द्यायला ती येतेय, तिने कुठे थांबून दिली हे माहीत नसेल तर तू घेणार कशी. मग चारही खुर्च्या बाहेरच्या बाजूला फिरवल्या, पाठीला पाठ, कोणाला कोणाचा गज दिसत नाही, आणि म्हणाले करा सुरू. कोणीच सुरू करेना! एक दोन तीन म्हणायचं नाही असा नियम. शेवटी तो पहिल्या व्हायोलिनवाला मुलगा, सांताक्रूझचा आहे, नाकाने सूंऽऽ करून इतका मोठा श्वास घेतला की सगळे हसायला लागले, पण पुढच्या खेपेला त्याच श्वासावर चौघं बरोब्बर एकत्र पडले. मी स्वयंपाकघराच्या दारात मिसनी दिलेला चहा घेऊन उभी होते, माझ्याही लक्षात आलं कुठे सुरू होणार ते.

हे असं शिकवायला वाजवणारा माणूसच लागतो. कारण ते स्वतः त्याच आठवड्यात त्याच गोष्टीशी झगडत असतात. एकदा कॉन्सर्ट झाल्यावर लगेचच्या तासाला सरांनी मुलांना आपली स्वतःची चेलोची प्रत दाखवली. सगळी पेन्सिलने भरलेली. बोटांचे आकडे, गज वर की खाली त्या खुणा, एका ठिकाणी "व्हायोला ऐक", आणि दोनतीन ओळींवर चक्क चष्म्याचं चित्र काढलेलं. चष्मा म्हणजे इथे कागदातून डोकं वर काढून बाकीच्यांकडे बघ, नाहीतर सुटशील. जगभरचे वादक असे चष्मे काढतात म्हणे. मुलांना ते एवढं आवडलं की आता सगळ्यांच्या कागदांवर चष्मेच चष्मे, आणि आमच्या बाईसाहेबांनी गणिताच्या वहीतही वजाबाकीवर काढून ठेवलेत, शाळेतल्या टीचरनी विचारलं हे काय.

तर माझं म्हणणं असं की ज्या कारणासाठी डिसेंबरात खाडे पडतात त्याच कारणासाठी शनिवारचा तास असा होतो. खाडे नकोत आणि चष्मेही हवेत, हे एका माणसाकडून मिळणार नाही.

वाद्याबद्दल थोडं, कारण हे कोणी आधी सांगत नाही. मुलांना अर्ध्या किंवा पाऊण साईजचा चेलो लागतो, वाढत्या वयात विकत घेऊ नका, त्यांच्याकडे भाड्याने मिळतो, डिपॉझिट वेगळं. गाडीत न्यायचा तर मागची सीट गेली. तारांचा सेट महाग असतो, चेलोचा तर व्हायोलिनच्या कितीतरी पट. आणि पावसाळा! जुलैमध्ये खुंट्या फुगून अशा बसतात की हलत नाहीत, गजाचे घोड्याचे केस सैल पडतात, आणि वाद्य सरसाने चिकटवलेलं असतं तो सरस ओल धरतो. आमच्या भाड्याच्या चेलोचा खालच्या बाजूचा सांधा असाच उकलला, पोरगी रडायला लागली की मी मोडला. सर म्हणाले सांधा उकलला म्हणून लाकूड वाचलं, तो तसाच उकलावा असाच चिकटवतात, नाहीतर फळीला चीर गेली असती. आपण कपड्यांच्या कपाटात बल्ब लावतो तसं काही करू नका म्हणून बजावलं, एकाच बाजूने उष्णता लागली तर आणखी वाईट. एसीच्या खोलीत ठेवा नाहीतर ओल शोषणारं मशीन घ्या. दुरुस्ती त्यांनी करून दिली, पैसे नाही घेतले. याला अर्धा स्टार वाढवायला हवा खरं तर.

कॉन्सर्टबद्दल. वर्षाला दोनतीन तरी त्यांचे आसपास होतात, कधी चॅपलमध्ये, कधी कोणाच्या तरी जुन्या घराच्या सालात म्हणजे दिवाणखान्यात, मुलांना फुकट, आईबाबांना तिकीट. जरूर जा. शंभरेक माणसांच्या जागेतच हे संगीत खरं कळतं, माईक नाही, गज तारेवर टेकतो तो आवाजही येतो. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या चॅपलमध्ये मोंते फेस्टिव्हल होतो तिथेही आम्ही गेलोय ऐकायला, तिथे आपलं शास्त्रीय आणि त्यांचं शास्त्रीय दोन्ही असतं म्हणून सासऱ्यांना नेता आलं. मधेच टाळ्या वाजवायच्या नसतात, चारही भाग संपल्यावर वाजवायच्या, हे सासऱ्यांना अजिबात मान्य नाही, जागा आवडली तर दाद द्यायची नाही का म्हणे. मला आतून त्यांचंच पटतं.

सासरे नाट्यसंगीतवाले, पणजीतल्या कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात कित्येक मैफली ऐकलेले. त्यांना सुरुवातीला हे सगळं आपलं नाही असं वाटायचं. सरांनी त्यांना एकदा सांगितलं की १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याची तबकडी अवकाशात गेली तिच्यात आपल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, "जात कहाँ हो", हे तर फोंड्यात शेंबड्या पोरालाही माहितीय, पण त्याच तबकडीवर सगळ्यात शेवटी जे संगीत आहे ते बेथोवेनच्या क्वार्टेटमधलं आहे, ओपस १३० मधली काव्हातिना नावाचा संथ भाग, बुडापेस्ट क्वार्टेटने वाजवलेली. तेव्हापासून सासरे सरांशी बरे बोलतात. वर केसरबाई शिकवायच्या बाबतीत किती कडक होत्या आणि मोगूबाईंनी किशोरीताईंना कसं घडवलं, कोण नुसतं गातं आणि कोण शिकवतं, यावर दोघांची जुंपते आणि तासातली दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं मिसच्या वहीत लिहिली जात नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

शेवटचा प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला, जो सगळेच बाबा विचारतात, की हे सगळं ठीक पण पुढे करिअर काय. सरांनी गोड बोलून टाळलं नाही. म्हणाले नुसतं क्वार्टेट वाजवून पोट भरणारे जगात मूठभर. मोठमोठ्या नावांनासुद्धा शिकवण्याचा आधार लागतो. एमर्सन क्वार्टेट १९७६ ते २०२३ चाललं, तेही न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक युनिव्हर्सिटीत शिकवत होते. टाकाच क्वार्टेट बुडापेस्टमध्ये सुरू झालं आणि कोलोरॅडोच्या युनिव्हर्सिटीत जाऊन रुजलं. बो आर्ट्स ट्रिओचे, म्हणजे तिघांच्या ग्रुपचे, पियानिस्ट मेनाहेम प्रेसलर १९५५ पासून इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकवायचे, ट्रिओ २००८ मध्ये बंद झाली तरी शिकवणं चालूच, २०२३ मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी गेले. तिथे युनिव्हर्सिटी क्वार्टेटला नोकरीच देते, शिकवा आणि वाजवा, पगार आमचा. आपल्याकडे तशी सोय कुठाय. कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे पण त्यात किती जण मावणार. मुंबईत एनसीपीए या कला केंद्राचं सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झालं, त्यातही बरेचसे वादक बाहेरचे, कझाकस्तान वगैरेहून येतात.

मग गोंयकारांनी काय केलं? सर म्हणाले जे आत्ता मी करतो तेच, जरा मोठ्या प्रमाणावर. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांमधून गावोगाव मुलं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली, आणि मुंबईला जाऊन सिनेमाच्या स्टुडिओत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस दिवसा स्टुडिओत वाजवायचे, अरेंजमेंट लिहायचे, शिवाय शिकवायचे, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. मेहली मेहतांनी, झुबिन मेहतांच्या वडिलांनी, १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट काढलं तेव्हाही क्वार्टेटवर कोणाचं घर चालत नव्हतं. हे म्हणाले म्हणजे डॉक्टर इंजिनियर करून बाजूने वाजवू दे असंच ना? सर हसले, म्हणाले तसंही चालेल, आमचा व्हायोलावाला बँकेत आहे आणि तो आमच्यात सगळ्यात सुरात वाजवतो. पण तिला विचारा ना तिला काय पाहिजे. तिला सध्या पूर्ण साईजचा चेलो पाहिजे, उंची नसताना.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. जागा मिळण्याची शक्यता जूनमध्ये, शाळा बदलतात तेव्हा दोनचार मुलं गळतात, डिसेंबरात फोन करू नका, उचलणार नाहीत. सहा वर्षांखालचं मूल घेत नाहीत. पहिले दोन तास ट्रायल, त्याचे पैसे नंतर फीतून वळते करतात. फी मिसकडे द्यायची, सरांकडे दिली तर ते विसरतात. दुपारी चारनंतर खाली गाडी लावायला जागा नसते, बाजूच्या मैदानाच्या कडेला लावा आणि चेलो उचलून चाला, लिफ्ट आहे पण तिच्यात चेलो आणि आई एकदम मावत नाहीत, आधी चेलो पाठवा.